आक्काला विचारलेला प्रश्न

माझं काम नक्की काय, हे बेळगावजवळ कंग्राळीत आमच्या वडलांना, आप्पांना सांगायची वेळ आली तेव्हा मी बरीच अडखळले. म्हटलं, "डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्याला कुलपं असतात. कुठलं कुलूप कुणी उघडायचं, कुणी नाही, याचे नियम असतात. ते नियम ज्या पुस्तिकेत लिहून गिऱ्हाइकाला देतात, ती पुस्तिका मी लिहिते." आप्पा म्हशीपुढं वैरण टाकत होते. न बघताच म्हणाले, "म्हंजे कुलूप तू केलेलं न्हाय, किल्ली बी तुझी न्हाय. नुसतं सांगायचं काम."

"व्हय."

"मग नीट सांगत जा बाई."

नीट सांगायचं म्हणजे काय, ते मला आक्कानं शिकवलं. ती माझी सख्खी बहीण नव्हे. बेळगावात आमचं ऑफिस एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं, तिथं ती माझ्या आधीपासून होती, वयानंही बरीच मोठी. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर म्हणाली, "मॅडम नको. आक्का म्हण. मी निपाणीची. आमी बौद्ध. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आजी बी. आता तुझं सांग." आमच्याकडं नवीन माणूस भेटलं की गाव कुठलं, पावणे कुठले, असं फिरून फिरून जे काढून घेतात, ते तिनं एका दमात समोर ठेवलं होतं. मीही सांगितलं, कंग्राळी, मराठा, घरी शेती. "झालं," ती म्हणाली, "आता कामाला लागू."

आमच्या पुस्तिका इंग्रजीत. दवाखाने आणि लॅबोरेटऱ्या आमचा डेटाबेस वापरायच्या, त्यात रोग्यांची सगळी माहिती. इंजिनिअर लोक नियमांचा कच्चा मजकूर लिहून द्यायचे आणि आम्ही दोघींनी तो असा करायचा, की वाचणाऱ्याला एकच अर्थ लागला पाहिजे. आक्काची एक पद्धत होती. वाक्य वाचायचं आणि मला म्हणायचं, "हे घरच्या भाषेत सांग." मी सांगू लागले की ती मध्येच थांबवायची, "म्हंजे?" हा तिचा आवडता शब्द. दिवसातनं कितीदा तरी तो तिच्या तोंडून यायचा, आणि इंजिनिअर लोक त्याला घाबरून असायचे.

एकदा वाक्य होतं की ॲडमिनिस्ट्रेटर 'मे' सी द लॉग, म्हणजे कुणी काय उघडलं त्याची नोंद. मी म्हटलं, "ॲडमिनिस्ट्रेटरला लॉग बघता येतोय."

"म्हंजे? बघायची परवानगी हाय, का बघेल अशी भीती हाय?"

खरंच दोन्ही अर्थ निघत होते, आणि एक दुसऱ्याच्या अगदी उलटा होता. दुसऱ्या एका वाक्यात 'वी' किल्ल्या जपून ठेवतो असं होतं. आक्का उठून त्या इंजिनिअरच्या टेबलापाशी गेली. तो गोकाककडचा कन्नड मुलगा. "वी म्हणजे कोण रे? आम्ही, का आपण?" तिनं विचारलं. तो हसून म्हणाला, "नावू अंद्रे नावू, आक्का." कन्नडमध्ये दोन्हींना नावूच. "तेच तर," आक्का म्हणाली, "मराठीत दोन निघतात. किल्ल्या आमच्या कंपनीकडं राहणार असतील तर तसं लिही. गिऱ्हाइकानं बी ठेवायच्या असतील तर तसं लिही. उद्या किल्ली हरवली की दोघं एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसतील." त्याला विचार करावा लागला. मग त्यानं सांगितलं की किल्ल्या गिऱ्हाइकानंच ठेवायच्या आहेत, कंपनीकडं एकही राहत नाही. त्या वाक्याचे आम्ही काढलेले दोन्ही अर्थ चुकीचे होते.

स्वतःवरही ती हसायची. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या एका साहेबांना फोनवर ती म्हणाली, "मी आलतो काल, तुमी न्हवता," आणि ते कुणी गृहस्थ येऊन गेले असं समजून दिवसभर विचारत फिरले. "बघ," ती मला म्हणाली, "आपल्या बोलण्याला बी मॅन्युअल पायजे."

आठवडाभर ती बेळगावातच अनगोळला भाड्याच्या खोलीत राहायची, शनिवारी निपाणीला आईकडं जायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आमच्या घरी ती सुगीच्या दिवसांत यायची. एकदा आप्पांनी शेजाऱ्यांना तिची ओळख "आमच्या पोरीची थोरली भन" अशी करून दिली. जाताना ती फाटकापाशी बराच वेळ माझा हात धरून उभी राहिली.

ते झालं त्या दुपारी आम्ही एका वाक्यावर बसलो होतो. वापरात नसलेली खाती काढून टाकली जातात, असं ते वाक्य. गोकाकचा इंजिनिअर समोर होता. आक्का पेन हातात धरून म्हणाली, "कोण काढतंय? कधी काढतंय? आणि काढलं म्हंजे नुसतं बंद केलं, का पुसून टाकलं? म्हंजे..." आणि थांबली. "म्हंजे... म्हंजे... ताट." आपल्याच तोंडातनं हे काय आलं, अशा नवलानं तिनं माझ्याकडं बघितलं. पेन गळून पडलं. ओठ उजव्या बाजूनं खाली ओढल्यासारखा झाला. मी तिला सावरलं. आम्ही दोघांनी तिला जिन्यावरनं खाली नेलं आणि इंजिनिअरच्या गाडीत घातलं. बेकरीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. गाडीत तिनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि एकच शब्द चालला होता, "म्हंजे, म्हंजे, म्हंजे."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या आईला, मी त्यांना मावशी म्हणायची, विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का. मावशी म्हणाल्या, "आलता की. चालता येत न्हवतं. शाळंत बी पाठवलं न्हवतं वरीसभर." त्या तापानं तेव्हाच हृदयाची झडप आकसली होती, आणि एवढी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. तिथं रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली. आक्का वाचली, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. शब्द म्हणून एकच उरला. चहा हवा असेल तरी म्हंजे, दुखत असेल तरी म्हंजे, मी दारात दिसले की हसून म्हंजे.

तिला निपाणीला नेलं. मी रविवारी बसनं जायची. हत्तरगी, संकेश्वर मागं पडलं की मला उतरू नये असं वाटायचं, आणि पोचल्यावर परत जाऊ नये असं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली आक्काची खाट. मावशी दिवसभर तिच्यापाशी. आक्काच्या धाकट्या भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला मी अण्णा म्हणायची. तो दुकानातनं मधे मधे येऊन बघून जायचा.

हळूहळू 'व्हय' आणि 'न्हाय' हे दोन शब्द परत आले. आम्हाला आनंद झाला, पण तो टिकला नाही. मावशी विचारायच्या, "चा घेतीस?" ती म्हणायची "न्हाय" आणि कपासाठी हात पुढं करायची. "पंखा बंद करू?" "व्हय." बंद केला की रागानं पंख्याकडं बोट. बोलायला शिकवणाऱ्या बाई बेळगावात होत्या, त्यांनी समजावलं की बुद्धी शाबूत आहे, तिला सगळं कळतंय. मनात एक असतं, तोंडातनं दुसरं निघतं. कधी बरोबर निघतं, कधी उलटं, आणि तिच्या हातात ते नाही. "तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा," त्या म्हणाल्या. मावशी तेच शिकल्या. चहा, पंखा, भाकरी, उशी एवढ्यापुरतं हाताकडं बघून चालायचं.

ऑफिसात आमचे सर एकदा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तिच्या अकाउंटचं काय करू? नियमानं बंद करायला पाहिजे." मी विचारलं, "बंद, का डिलीट?" ते म्हणाले, "बंद. परत आली की उघडू." माणूस चांगला होता. माझं रडू बघायला नको म्हणून लगेच आत गेला.

मग डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. झडप दुरुस्त केली नाही तर पुन्हा गुठळी होऊ शकते, ती कधी होईल सांगता येत नाही. गोळ्यांनी धोका कमी होतो, जात नाही. आणि ऑपरेशनमध्येही धोका होताच, तिची प्रकृती बघता थोडाथोडका नव्हता. ते म्हणाले, "पेशंटला विचारा. त्यांना समजतंय. निर्णय त्यांचा."

अण्णा मला बसस्टँडवर घ्यायला आला. गाडी चालू न करता तसाच उभा राहिला. "ताई, तुमीच इचारा. आमी इचारलं की एकदा व्हय म्हणतीया, एकदा न्हाय. तुमी दोघी वाक्यांचंच काम करताय. तुमाला कळंल."

मी विचार करून गेले होते. दोन जाड कागद घेतले होते. 'ऑपरेशन करायचं' आणि 'ऑपरेशन करायचं नाही' असं मी लिहिलं नव्हतं. दोन वाक्यांत एका 'नाही'चाच फरक असेल तर वाचणाऱ्याच्या नजरेतनं तो सुटतो, हे मला तिनंच सांगितलेलं. म्हणून एकावर 'ऑपरेशन' लिहिलं, दवाखान्याची खाट काढली. दुसऱ्यावर 'घरी' लिहिलं, घराचं दार काढलं. एवढे छोटे शब्द ती वाचू शकत होती.

मी खाटेवर तिच्यासमोर बसले. सगळं सावकाश सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, काय होऊ शकतं, दोन्ही बाजूंनी. ती नीट ऐकत होती. ऑफिसात कच्चा मजकूर ऐकताना मान थोडी कलती करायची, तशी मान कलती. मावशी मधेच उठून बाहेर गेल्या. त्यांना ऐकवेना.

"ऑपरेशन करायचं, आक्का?"

"व्हय."

"का घरीच राहायचं?"

"व्हय."

मी कागद समोर ठेवले. तिचा डावा हात 'घरी'वर गेला. खात्री करायची म्हणून मी कागदांची जागा बदलली. हात परत त्याच बाजूला गेला, आणि आता तिथं 'ऑपरेशन' होतं. त्या बाईंनी सांगितलं होतं, की उजव्या बाजूचं कधी कधी तिच्या ध्यानात येत नाही. मग मी कागद एकाखाली एक ठेवले. आक्कानं दोन्हीकडं बराच वेळ बघितलं. दोन्ही उचलले, एकावर एक नीट ठेवले, आणि माझ्या हातात परत दिले.

"म्हंजे?" ती म्हणाली.

तो प्रश्न होता. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. कुणाला काय सांगायचं होतं आणि कुणाला कळत नव्हतं, हे तिला सगळं कळत होतं.

"आक्का, तुझ्या मनात काय हाय ते मला कळंना गं," मी म्हटलं. तिनं डावा हात माझ्या गालावर ठेवला. मी रडले, तीही रडली. बाहेर मावशी कुणाशी तरी उगाच मोठ्यानं बोलत होत्या.

मी त्या दिवशी तिथंच राहिले. सकाळी उठले तर आक्का कपाटापाशी उभी. तिनं ऑफिसला घालायचा निळा सुती ड्रेस काढला होता. मावशींनी तो घालून दिला, केस विंचरून दिले. मग तिनं खुंटीवरची ऑफिसची पिशवी डाव्या खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दाराकडं तोंड करून खाटेच्या कडेवर बसली. दुखण्यानंतर इतकी ताठ बसलेली मी तिला बघितली नव्हती.

अण्णा आत आला आणि तिच्याकडं बघून त्याचा चेहरा उजळला. "बघा ताई, तयार झाली. बेळगावला जायचं म्हणतीया." मावशींनी पदरानं डोळे पुसून भाकरी बांधायला घेतल्या.

मीही तेच धरलं. दुसरं काय धरणार होते? आम्ही गाडी करून निघालो. वाटेत ती खिडकीतनं बघत होती, शांत. ऊस, ट्रक, ढाबे. बेळगावात शिरल्यावर एक चौक लागतो. तिथनं एक रस्ता आमच्या ऑफिसकडं जातो, एक दवाखान्याकडं. गाडी दवाखान्याकडं वळली तेव्हा आक्कानं मागं वळून बघितलं.

"म्हंजे," ती म्हणाली.

अण्णानं पुढच्या सीटवरनं विचारलं, "काय गं आक्का?"

ती परत म्हणाली, "म्हंजे," आणि हात मांडीवर ठेवला.

दवाखान्यात तिनं कसलाही हट्ट केला नाही. संमतीच्या कागदावर डावा अंगठा दिला. नर्सनं ड्रेस बदलायला सांगितला तो बदलू दिला, पिशवी माझ्याकडं दिली. आत नेताना माझ्याकडं बघून हसली. ऑपरेशन झालं. ती शुद्धीवरही आली, मला ओळखलं, बोटं हलवली. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला, तो डॉक्टरांना थांबवता आला नाही.

निपाणीत तिला अखेरचं नेलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्रिशरण म्हटलं. वखारीत मावशींबरोबर काम केलेल्या म्हाताऱ्या बायका आल्या होत्या. आमचे आप्पाही आले होते, टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उन्हात उभे होते. गोकाकचा मुलगा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर ऑफिसात वापरात नसलेल्या खात्यांचं ते अर्धं राहिलेलं प्रकरण माझ्याकडंच आलं. मी ते पुरं केलं. खातं कोण बंद करतं, केव्हा, बंद केल्यावर काय राहतं, काढून टाकल्यावर काय पुसलं जातं, सगळं वेगवेगळं लिहिलं. कुणाला शंका राहणार नाही असं लिहिलं. आक्काच्या सूचना त्या फाईलच्या कडेला अजून होत्या, प्रत्येकीवर तिचं नाव. एका सकाळी फाईल उघडली तर सूचना तशाच आणि नावाच्या जागी 'फॉर्मर युझर'. सरांनी तिचं अकाउंट काढून टाकलं होतं. नियमच तसा होता. मी खाली बेकरीत जाऊन बसले. बेकरीवाल्यानं काही न विचारता चहा दिला.

त्या सकाळपासून माझ्या डोक्यात तो चौक आहे. ती ऑपरेशनला तयार झाली होती, का ऑफिसला निघाली होती? निळा ड्रेस, पिशवी, दाराकडं तोंड. माझ्यासारखीनं त्याचा अर्थ 'ऑफिसला' असाच वाचायला पाहिजे. पण अंगठा तिनं न कुरकुरता दिला, आणि आत जाताना हसली, ते कसं वाचायचं? डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नसतं केलं तरी भरवसा नव्हता. अण्णाला मी यातलं काही बोलले नाही. तो दुकानात जातो, लोकांचे फोन दुरुस्त करतो, आणि "आक्कानं सोता ठरवलं" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

मी निपाणीला अजून जाते, पण दर रविवारी नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा मावशी एकट्याच होत्या. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"त्या दिवशी तू तिला इचारत होतीस तवा मी भाइर जाऊन बसलो," त्या म्हणाल्या. "माझ्यानं ऐकवंना. काय म्हणाली गं ती?"

"व्हय म्हणाली, मावशी."

हे खरं होतं. मावशींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे डोळे अगदी आक्कासारखे आहेत.

"कशाला व्हय?"

मी आयुष्यभर लोकांची वाक्यं सरळ करत आलेय. ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही, हे मला शिकवलेलं.

"ऑपरेशनला," मी म्हटलं. "स्पष्ट म्हणाली."

मावशींनी डोळे मिटले. श्वास सोडला. "मग बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटत हुतं, आपुनच तिला वढत न्हेलं." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसल्या. मी जवळ बसून पीठ पुढं करत राहिले.